व्रण नाही

कागदावर या माणसाची छाती उघडली आहे
चौदा फेब्रुवारीला, सकाळी नऊ चाळीसला.
तीन रक्तवाहिन्या, डाव्या पायातली शीर काढून,
अकरा दिवस ॲडमिट, जेवणात मीठ कमी.
फोटोही जोडलाय: निळी चादर,
कोपऱ्यात इस्त्रीनं जळल्याचा डाग.

तो डाग मी ओळखते.
याच गठ्ठ्यात तो पाच वेळा झोपलाय,
एकदा लोहियानगरच्या बाईखाली,
एकदा हडपसरच्या वॉचमनखाली.
पेशंट बदलले, चादर कुणी बदलली नाही.
चोरालाही आळस असतो,
आमचं पोट त्यावरच चालतं.

म्हणून चढतेय जनता वसाहतीच्या पायऱ्या,
गुडघे माझेही एकसष्टीचे.
अंकुश वाघचौरे दारातच होता, आरसा खिळ्याला, अर्धी दाढी.
म्हटलं, योजनेकडून आलेय, शर्ट काढता का जरा?
आतून बायको म्हणाली, काढा की, सिस्टरच आहेत.
(कशावरून ओळखतात कुणास ठाऊक. चालण्यावरून असेल.)

छाती कोरी.
पांढरे केस, एक तीळ, काळा दोरा.
पोटऱ्या पाहिल्या: शिरा जागच्या जागी,
दोरखंडासारख्या फुगलेल्या.
मग तो शर्ट घ्यायला वळला
आणि पाठ दिसली.
मानेखाली घट्टा, खांद्यावर घट्टा,
चौतीस वर्षं गोणीनं लिहिलेला केस पेपर,
एकही खाडाखोड नसलेला.

चौदा तारखेला कुठं होता?
असं विचारलं की गरीब माणूस आधी घाबरतो,
मग पिशवी शोधतो.
रेशनकार्ड, लाइटबिल, पोरीचा शाळेचा दाखला,
आणि हमालीच्या चिठ्ठ्या, रबर लावून.
मार्केट यार्ड, भुसार. गुळाच्या ढेपा एकशे पन्नास.
म्हणजे भुलीत, छाती फाकवलेली असताना
याच माणसानं दीड टन गूळ उतरवला.

अंगठा कुठं दिला होता?
"माघातल्या गणपतीच्या मांडवात शिबिर होतं ना.
शुगर फुकट बघत होते. स्टीलचा डबा दिला.
अंगठा दोनदा घेतला,
म्हणाले पहिला नीट उठला नाही."

डबा समोरच, फळीवर.
दोन लाख नव्वद हजारांचा डबा,
आत साखर.

शेवंता चहा घेऊन आली,
चार पावलांचं घर,
तरी उंबऱ्याशी थांबली, श्वास गोळा करत.
कप धरलेली नखं निळसर.
मी कपाकडं पाहिलंच नाही.
"व्हॉल्व आहे," ती म्हणाली, "ऑपरेशन सांगितलंय.
कार्ड लावलं तर म्हणे शिल्लकच नाही.
आम्हाला वाटलं मशीन बिघडलंय.
उन्हाळा सरला की परत जाणार आहोत."

मला सत्त्याण्णव सालची एक रात्र आठवली.
इंजेक्शन आलंच नव्हतं स्टॉकला,
मेट्रन म्हणाली, रकाना भर,
आणि मी "दिले" लिहून सही ठोकली.
पेशंट जगला.
तो जगला म्हणून मला झोप लागत आली,
बाकी काही कारण नाही.

फॉर्मवर दोनच चौकोन:
गैरप्रकार आढळला, आढळला नाही.
पहिल्यावर खूण केली. चिठ्ठीचा फोटो काढला.
शेऱ्यात लिहिलं: छातीवर व्रण नाही. पाठीवर आहेत.
दुसरं वाक्य वरचे खोडतील, खोडू देत.
खाली आणखी लिहिलं, दाबून, कार्बनच्या दिवसांसारखं:
चौकशी सावकाश करा,
कार्डावरचे पैसे आधी परत भरा,
ही बाई पायऱ्या चढते.

उतरताना मोजल्या. एकशे सतरा.
साठाव्यापाशी, वळणावर,
रंगाचा रिकामा डबा कुणीतरी पालथा घातलाय,
वर जुन्या साडीची घडी,
बसून बसून मधे खोलगट झालेली.