लिबोरिओ, नीट ऐक

एन्झाची गाडी नऊला येईल. तोवर ऐक.
टोपलीत वर्तमानपत्राखाली तेवीस गड्डे आहेत.
एक मऊ पडलाय, तो टाकून दे.
आधी वास घे. कुजकं कुठलं आणि नुसतं रानटी कुठलं,
तुझ्या वडिलांना नाकानं कळायचं,
मला बोटांनी.

ऑक्टोबर सरायच्या आत लाव.
मोजपट्टी शोधत बसू नकोस:
बंद मूठ, वर दोन बोटं, तेवढं खोल.
खाली खडी घाल. पाणी थांबलं की संपलं.
शेंडा आभाळाकडे.
हसू नकोस, पहिल्या वर्षी त्यांनी अर्धे उलटे लावले होते.
ते वळसा घेऊन वर आले, उशिरा, वाकडे,
आणि मला सांगण्यात आलं की ही वेगळी जात आहे.

रस्त्याच्या कामावर होते ते तेव्हा.
दुसऱ्या दिवशी ओकच्या रानात मशीन घुसणार होतं,
तर टोपीत नऊ गड्डे घालून घरी आले,
उघड्या डोक्यावर ऊन घेत.
मी म्हणाले, एवढ्या लसणीचं करू काय?
म्हणाले, खायची नाही. बघायची.
आमच्या घरात तोवर नुसतं बघायचं असं काही नव्हतं,
भिंतीवरचा संत गांदोल्फो सोडला तर,
आणि त्याच्याकडेही आम्ही काही ना काही मागायचोच.

पानं पिळवटलेली येतील. तो रोग नव्हे.
पण चिरडू नकोस.
अगातीनानं एकदा कुंपणावरून हात घालून एक मोडलं
आणि घाबरून गॅसवाल्याला बोलावलं.
तो सगळ्या नळ्या हुंगून गेला,
पंचेचाळीस युरो घेऊन.
अजून ती मला त्यांचा हिशोब सांगते.

हिवाळ्यात काही करू नकोस.
हेच सगळ्यात कठीण.
जमीन बोडकी दिसेल. वाटेल, गेलं सगळं,
जरा उकरून बघू.
तू वोल्फ्सबुर्गहून एका बॅगेनिशी आलास,
तेव्हा मी उकरलं का?
कारखान्याचं काय झालं, ती बाई कुठे राहिली,
एका शब्दानं?
पाणी दिलं. तेही बेताचं.

कळी पातळ कागदात गुंडाळून येते.
कागद फाडू नकोस, त्याचा तो फाटतो.
मग घंटा. हिरवट पांढऱ्या,
मधोमध वाइन सांडल्यासारखी रेघ,
आणि सगळ्या माना खाली घालून,
जशा काही पाद्र्यासमोर उभ्या.
एव्हाना पानं पिवळी पडून मरायला लागतील.
कापू नकोस. वाईट दिसतं, दिसू दे.
गड्ड्याचं पुढच्या वर्षाचं जेवण शिजतंय तिथं.

मधमाशा येतील. त्यांना खालून वर चढावं लागतं,
चढतात बिचाऱ्या.
आणि जिच्याकडे मधमाशी येऊन गेली,
ती घंटा मग मान वर करते.
खरंच. देठच वळतो.
आज एक, परवा तीन.
जूनमध्ये अख्खा झुबका बुरुजांसारखा उभा असतो, बियांनी भरलेला.
जिच्याकडे कोणी फिरकलं नाही, ती तशीच गळते.
मी किती वर्षं खुर्ची टाकून बसले समोर,
वळताना एकदाही दिसली नाही.
तुझे वडील म्हणायचे,
बघणाऱ्यासमोर कोण मान वर करतं?

मी मेअखेर येईन, कंबरेनं साथ दिली तर.
नाही आले, तर फोनवर सांग किती वळल्या.
मोजून सांग. अंदाजानं नको.

हॉर्न वाजला.
तो मऊ गड्डा,
थांब, टाकू नकोस.
दाबून बघ, आत कुठे घट्ट लागत असेल
तर भिंतीपाशी लाव, उन्हाला, बाजूला.
आलाच तर आला.

ती पिशवी दे इकडे. नाही, जड नाहीये.