इतर हक्क

मौजे धामणदरी, तालुका धारणी, गट नंबर एक्केचाळीस.
भोगवटादाराच्या रकान्यात मावस्करांची सहा नावं,
आणि खाली, इतर हक्कांत,
बोरूच्या वळणाची एक ओळ:
‘विहीर एक, दगडी. गिल्हारग सायबाची.’

मी तलाठी. मला वारस लागतात.
हा तर मरून एकशे बारा वर्षं झाली
आणि कागदावर अजून पाणी भरतोय.

ग्लेनहार्ग, असं ते घराणं.
स्कॉटलंडात, समुद्राकाठी, त्यांचा किल्ला.
थोरल्याला किल्ला, पदवी आणि सहाशे वर्षांची भांडणं.
मधल्याला पलटण.
धाकट्या हेक्टरला काहीच नाही,
म्हणून वऱ्हाड.
(आमच्याकडे निदान धुरा तरी वाटून देतात.)

हेक्टर जंगल खात्यात सागाची झाडं मोजायचा.
छपन्नच्या दुष्काळात मोजणी थांबवून
त्यानं विहीर खणायला घेतली.
तीन परस कोरडा मुरूम, मग काळा पाषाण, मग ताप,
मग पाणी.
तोंडावर बसवायला घराण्याचं चिन्ह काढून दिलं कागदावर:
मुकुट घातलेलं हरणाचं डोकं, खाली एक वाक्य.
नथू बेलदारानं तिकडचं हरिण कधी पाहिलं नव्हतं.
त्यानं सांबर कोरलं.
वाक्याला दगड पुरला नाही,
शेवटची चार अक्षरं बाजूनं खाली उतरवली,
उंबरठ्यावरून मुंग्या उतरतात तशी.

हेक्टर त्याच पावसाळ्यानंतर गेला. लग्न नाही, मूल नाही.
सांबराला कोणी पहिला शेंदूर लावला,
ते कोणी सांगत नाही.
सिंगाबाबा.
आता नवरीच्या हळदीचा पहिला हात त्याला.

तिकडे थोरल्याची दोन पोरं एकाच लढाईत गेली.
मग कर आला, वारसाहक्कावरचा.
मग छपरावरचा कर,
तर त्यांनी छप्परच काढून टाकलं.
हे ऐकून आमचा सरपंच बराच वेळ विचारात पडला होता.

हे सगळं मला इशबेलबाईंनी सांगितलं.
माघात आल्या, परतवाड्याहून जीप करून,
वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले,
काखेत वंशावळीची गुंडाळी.
मी ती विहिरीच्या थारोळ्यावर उलगडली, चार कोपऱ्यांवर चार गोटे.
माझ्या फेरफारांपेक्षा अक्षर चांगलं.
शेवटच्या फांदीला एकच नाव. त्यांचं.
विचारलं, आपला काही हक्क सांगायचा आहे का?
म्हणाल्या, नाही. नोंद बघायला आले.

मग दगडाला हात लावून बसल्या,
आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.
“काहून रडते वो ही?” फुलकाय मावस्कर म्हणाली,
“पाणी पेवाले दे तिले.”
मी ते वाक्य वाचावं म्हणून शेंदूर खरवडायला लागलो
तर फुलकायनं हातावर चापट मारली. बाबाले खरवडू नको.
बाई म्हणाल्या, राहू द्या, मला पाठ आहे.
‘धरलं ते सोडत नाही.’
मी फुलकायला सांगितलं.
तिची बादली अर्ध्यावर होती. ती दोर ओढतच राहिली.
“बराबर हाय,” म्हणाली,
“सोडला त् बादली जाते.”

बाईंना मी तेवढंच भाषांतर करून दिलं.
हसल्या. तांब्यानं पाणी प्यायल्या, वरून, आमच्यासारखं,
निम्मं पदरावर,
म्हणजे त्यांच्या कोटावर.
वंशावळ तिथंच विसरल्या, की ठेवून गेल्या,
मला कळलं नाही. दप्तरात आहे.

आता सातबारा संगणकावर.
वारस नसलेलं नाव तो ठेवत नाही.
वारस जोडा, नाव कमी करा, किंवा बाहेर पडा.
तीनदा बाहेर पडलो.
चौथ्यांदा उघडलंय.
बटणावर बोट आहे,
आणि नखात अजून तो शेंदूर.