सुपातल्या बिया

नवरा लॅपटॉप घेऊन पुण्याहून शिरोड्याला आला
त्याच्या तिसऱ्या आठवड्यात
कोठीच्या दारावर खडूने तीन रकाने पडले:
करायचंय, चालू आहे, झालं.

पिवळ्या चिठ्ठ्या दमट हवेत दुपारपर्यंत टिकेनात.
खाडीचा वारा आला की
'गॅस सिलिंडर' उडून कोंबड्यांत,
'जुईची फी' तुळशीपाशी.
मग फणसाचा चीक लावला.
आता त्या निघतच नाहीत.
झालेलं कामसुद्धा 'चालू आहे'मध्येच चिकटून असतं.
मी म्हटलं, हे मात्र आपल्या घरासारखं झालं.

सकाळी साडेसहाला सगळ्यांनी पडवीत उभं राहायचं.
बसलं की बोलणं लांबतं, असं त्याचं म्हणणं.
काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय.
मी रात्रपाळी करून आलेली,
दवाखान्याच्या कपड्यांतच खांबाला टेकून सांगते:
काल दोन बाळंतपणं. आज झोप.
अडलंय ते तुझ्या या सभेत.
आप्पा म्हणतात, "मिठागरात चाळीस वर्षां उभोच होतंय.
आता घरात पण उभ्यान?"
आणि खुर्ची ओढून बसतात.

कामाचं वजन ठरवायला काजूच्या बिया.
मूठ झाकून धरायची, सगळ्यांनी एकदम उघडायची.
भांडी: जुईच्या मुठीत आठ, माझ्या मुठीत एक.
"तू रोज घासतेस म्हणून तुला एक वाटतं,"
नवरा म्हणाला, आणि स्वतःच गप्प झाला.
त्या आठवड्यात भांडी त्याच्या नावावर गेली.
तीन दिवस. मग पुण्याची मीटिंग लांबली.

एकदा रिकाम्या चिठ्ठीवर आप्पांनी लिहिलं,
मिठाच्या हिशेबाच्या वहीत लिहायचे तसंच, ओळीला धरून:
'बाबलाक फोन.'

बाबल त्यांचा धाकटा भाऊ. आरवलीला असतो,
इथून सायकलने वीस मिनिटं.
सातबाऱ्यावर दोघांची नावं अजून शेजारी शेजारी.
बोलणं बंद झालं ते माझ्या लग्नाआधी.
सहा माड आणि एक गडगा, एवढंच मला माहीत.

मुठी उघडल्या. माझ्या दोन, नवऱ्याच्या तीन.
आप्पांनी उघडलीच नाही.
उठले, माजघरातून बियांनी भरलेलं अख्खं सूप आणलं
आणि मधोमध ठेवलं.

मोठं काम एका आठवड्यात मावत नसेल
तर त्याचे तुकडे करायचे असतात,
नवरा खाली बघून पुटपुटला.
जुई अकरा वर्षांची. तिला नियम म्हणजे नियम.
तिथल्या तिथे चिठ्ठ्या फाडल्या:
'नंबर मिळवणे', एक बी.
'चष्मा पुसणे', एक.
'रिंग वाजू देणे', पाच.
'हॅलो'
इथे तिने आप्पांकडे बघितलं, आणि आकडा घातला नाही.

पहिल्या आठवड्यात नंबर मिळाला, पाववाल्या इनासकडून.
दुसऱ्यात चष्मा पुसून झाला, निदान सहा वेळा.
तिसऱ्यात एका दुपारी मला जाग आली तर
आप्पा पडवीत उभे.
उभे!
फोन कानाला. दोन रिंगा, आणि कट.

दिवेलागणीला उलट फोन आला.
"कोणाचो मिसकॉल?"
आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत, हुबेहूब आप्पांचा,
जसं काही ते स्वतःलाच विचारताहेत.
"चुकान लागलो," आप्पा म्हणाले.
पलीकडून फोन ठेवला नाही.
हेही ठेवेनात.
आमच्याकडचं घड्याळ ऐकू येत राहिलं, त्यांच्याकडचा कुत्रा.
मग, "औंदा काजी धरली?"
"धरली. थोडी."

नवऱ्याने हळूच विचारलं, हे 'झालं'मध्ये टाकू?
आप्पांनी सुपातली मूठभर बी चुलीत टाकली.
तेल तडतडलं, धूर झाला,
सगळ्यांचेच डोळे चुरचुरले,
त्यामुळे कोणाला काही विचारायला नको.

चिठ्ठी अजून आहे तिथेच आहे.
काढायला गेलं तर
दाराचा रंग येतो सोबत.