केसांचं कुंपण

पूर्वी मी दुकान झाडायचो
आणि केस मागच्या ओहोळात टाकायचो.
आता सरळगावात माझ्या कचऱ्याला नंबर लागतो.
कमळू इसामे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतो,
"दाढी राहू दे, पोतं दाखव."

रानडुकरं उतरलीत.
कुणी म्हणतं घाटाकडून, कुणी म्हणतं
पलीकडे रस्त्यासाठी डोंगर फोडला तेव्हापासून.
मला ठाऊक नाही. मी फक्त डोकी ऐकतो.
मान वस्तऱ्याखाली असली की माणूस खरं बोलतो:
अर्धा एकर रताळी एका रात्रीत उलथली,
नांगरालाही एवढं खोल जमत नाही.
बांधाला साड्या बांधल्या, बायकोच्या, मग आईच्या,
लग्नातली हिरवी तेवढी पेटीत होती, तीही बांधली.
सकाळी पदर चिखलात
आणि जरीवर खुरांचे ठसे.
फटाके लावले. दोन रात्री पळाली.
तिसऱ्या रात्री फटाक्याच्याच उजेडात
निवांत खाताना दिसली.

वनरक्षक आला, खड्डे मोजले, फोटो काढले,
म्हणाला, अर्जाला सातबारा जोडा.
हिरूबाई मेंगाळ हे सांगता सांगता थांबली;
नातवाचे केस कापायला आणलं होतं तिने.
राबते ती, सातबारा ठाण्याच्या डॉक्टरांचा.
डॉक्टरांनी बंगल्याभोवती भिंत घातली,
सात फूट, वर काचा.
डुक्कर भिंतीशी भांडत नाही.
वळतं.
वळून हिरूबाईच्या भेंडीत शिरतं.

कुठले केस चांगले, यावरही आता मतं आहेत.
कॉलेजच्या पोरांचे नकोत, जेलचा वास येतो,
त्या वासाला तर ती जास्तच येतात, इसामे सांगतो.
म्हाताऱ्यांचे द्या, विडी ओढणाऱ्यांचे,
भातझोडणीवरून थेट आला असेल त्याचे.
मी हसत नाही. वेगळं पोतं ठेवलंय.

दहाव्याला मीच जातो नदीवर.
मागच्या महिन्यात तारमळ्यांचे चौघे भाऊ
ओळीने बसले, बापाच्या नावाने डोकी वाकवून.
काळ्या दगडावर केस पडत होते.
ते पाण्यात सोडायच्या आधी
धाकट्याने विचारलं, अगदी हळू,
"हे चालतील का हो, बांधाला?"
थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग स्वतःच खांद्यावरचा टॉवेल पसरला.

परवा रात्री गेलो त्यांच्या वालाच्या शेतावर.
माळ्यावर धाकटा आणि मी, बॅटरी विझवून.
आधी फुरफुर आली,
मग काळोखाचा एक तुकडा हलला.
मादी. मागे सहा पिल्लं, अंगावर चिबडासारखे पट्टे.
केसांच्या ओळीशी थांबली.
नाक खाली घालून हुंगत राहिली
या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश,
दुखवट्याला आलेली बाई
एकेकाजवळ थांबत जाते, तशी.
चौघा भावांना हुंगलं तिने.
धाकट्याने श्वास धरला होता.
मलाही वाटलं, फिरेल.

तिने एक पाय पलीकडे टाकला.
पिल्लांना थोडा वेळ लागला.

डबा हातात असून धाकटा वाजवेना.
म्हणाला, "म्हातारा सांगायचा,
दोन ओळी रानाच्या धरूनच पेरायचं.
दोन ओळी होत्या तेव्हा त्या."
आणि मग उठला, डबा असा बडवायला लागला
की पत्रा आत गेला, तरी थांबेना.

आज इसामे आला. पोतं तोलून बघितलं,
खुर्चीत बसला, आरशातून विचारलं,
"लागू पडतं ना रे हे?"

मी वस्तरा पाण्यात बुडवला.
म्हटलं, मान सरळ ठेवा.