साडेतीनशेत

जालन्याच्या मोंढ्यात, हमालांच्या चहाच्या वेळी,
मी हिशेबाचं सॉफ्टवेअर आणलं. अठरा हजारांचं,
साडेतीनशेत.
डबा चकचकीत, वर होलोग्राम.
देणाऱ्यानं पावती दिली नाही,
'ओरिजनलच आहे' मात्र तीनदा म्हणाला.

गंगाबिशन मुनीमजींना माऊस धरता येत नाही.
त्यांनी डबा बियाण्याची पिशवी घ्यावी तसा घेतला,
आधी बूड पाहिलं.
बोगस पिशवीची शिवण त्यांना अंधारात कळते :
कंपनीचा दोरा एका ओढीत सुटतो,
घरी शिवलेला गुंततो.

होलोग्राम नखानं उचलला. सगळा सोलून आला.
उजेडात इकडं तिकडं कलवला,
रंग एकच.
"हा किल्लीचा नंबर अजून कुणाकुणाला दिला त्यानं?"
मी शेजारच्या आडतीवर मुख्तारला फोन लावला.
तो त्याच्या डब्यावरचे आकडे वाचू लागला,
पाचव्या आकड्यापासून
मी त्याच्यासोबत म्हणत होतो.

मुनीमजी हसले नाहीत.
"स्वस्त असतं बाबा काही काही.
मिरग सरल्यावर उरलेलं बी,
भिजून काळी पडलेली ज्वारी.
पण का स्वस्त, ते माल स्वतः सांगतो.
हा मुका आहे."

पडद्यावर तोवर प्रश्न येऊन थांबला होता :
अँटीव्हायरस बंद करून पुढं जायचं? हो. नाही.
आत चार वर्षांची खाती,
अडीचशे गावांची नावं.
बाहेर काट्यावर कुणाचं तरी पोतं चढलं.
मी 'नाही' दाबलं,

आणि मुनीमजींनी टोपण काढून
लाल वहीत, माझ्या नावावर,
उचल म्हणून लिहिले
साडेतीनशे.