चाळणीवर राहिलेलं

रात्री अडीचला सावळद्याच्या पुलापासून लांब
लाइट बंद ठेवून ट्रॉली भरली.
अंधारात तापी आवाजावर ओळखावी लागते,
डावीकडे पाणी, उजवीकडे फावडी.
एक ब्रास मालकाच्या वहीत,
तहसीलच्या वहीत काहीच नाही.

पहाटे शिरपुरात
देवळाच्या सभामंडपाचं काम, तिथे रिकामी केली.
सुरमी पावरा चाळणी तिरपी टेकवून
फावड्याने रेती मारत होती,
बारीक खाली, गोटे-शिंपले वर.
मधेच तिचा हात थांबला.
"हाई काय लई उना रे भाऊ?"

अकरा.
गोट्या म्हणाव्यात तर जरा मोठ्या,
लिंबं म्हणावीत तर फारच पांढरी.
दोन फुटलेली, आणि त्यांतलं काहीतरी
जाळीतून हळूहळू
सिमेंटच्या गोणीकडे निघालेलं.

मी म्हणालो, सापाची असतील, फेक.
सापाची लांबट असतात, ती म्हणाली. ही कासवाची.
तिचं माहेर अनेरकाठी.

भिंतीशी, प्लास्टिकात गुंडाळलेलं,
राजस्थानातून मागवलेलं संगमरवरी कासव
गाभाऱ्यासमोरच्या जागेची वाट बघत होतं.
आम्ही दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

तिने डोक्यावरची चुंबळ सोडली, तगारीत अंथरली,
तिच्यावर ओली रेती, रेतीवर नऊ अंडी,
आणि मिस्तरीच्या पेन्सिलीने
एकेकावर फुली.
"वरनी बाजू वरच राहू दे."
वरची कोणती, मी विचारलं.
फावड्यावर, ट्रॉलीत, महामार्गाच्या खड्ड्यांत
किती वेळा उलटली असतील ती.
ती गप्प.
मग म्हणाली, "आतेपाईन तरी."

त्या दिवशी मी पहिल्यांदा
उजेडात नदीत उतरलो.
काठ नव्हताच.
दाढा उपटलेल्या तोंडासारखं काहीतरी होतं,
आणि खड्ड्याखड्ड्यांत साचलेलं हिरवं पाणी.
मधे शालिक भोयाची डांगरवाडी तेवढी शिल्लक,
कोवळे वेल, पाचटाचा आडोसा.
त्याने तगारीत डोकावून बघितलं,
मला शिवी दिली,
मग कुदळ आणली.
पावसाळा सरता सरता घालते माय,
तो म्हणाला, आणि पोरं बाहेर येतात
आखाजी होऊन गेल्यावर. नऊ महिने धर.
वीतभर खड्डा. फुल्या आभाळाकडे.
कोल्ह्याने उकरू नये म्हणून बाभळीचे काटे,
आणि खूण म्हणून काठीला
सुरमीच्या चुंबळीचं लाल फडकं.

आठ दिवसांनी बघतो तर
काठीपाशी नारळ फुटलेला.
कुणी गोट्याला शेंदूर फासलेला.
रात्रीचे ट्रॅक्टर तिथून वळसा घेऊ लागले,
ड्रायव्हर लोक हॉर्न न वाजवता हात जोडू लागले,
आणि मालकाने तर
स्वतः येऊन अगरबत्ती लावली.
कोणाचं ठाणं रे हे, त्याने विचारलं.
जुनं आहे, मी म्हणालो.

बाकीचा काठ रोज रात्री जातोच.
माझ्याही ट्रॉलीतून जातो,
बावीस तारखेला हप्ता असतो.
फक्त भरताना आता मी आधी
हाताने चाचपतो,
आणि पोरं हसतात, काय भाऊ, सोनं शोधतो का.

सुरमी सावकाश चाळते. मुकादम ओरडतो.
मी गेलो की ती काही विचारत नाही,
नुसती बघते.
मी मान हलवतो. अजून नाही.

आखाजी झाली.
निंबाला झोके बांधले गेले, सोडलेही गेले,
माहेरी आलेल्या लेकी
सांजोऱ्यांचे डबे घेऊन एसटीत बसल्या.
शालिकची टरबुजं संपली.
फडकं उन्हाने पांढरं पडत चाललंय.

दुपारी वाळूला कान लावू नको,
शालिक म्हणतो, भाजेल.

लावतो.