कोंडा

सीडर रॅपिड्सला उत्तरेचा वारा असला
की पुलावर भाजल्या बदामाचा वास येतो.
पहिल्या दिवशी मी व्हर्न कौबाला विचारलं,
बेकरी उघडते किती वाजता?
तो इतका हसला की हेल्मेट काढून डोळे पुसावे लागले.

बेकरी नव्हे. ओटची फोलपटं.
दाणा जातो नाश्त्याच्या डब्यात,
सालं येतात आमच्याकडे, वॅगनमागून वॅगन,
इतकी हलकी की काट्याला शरम वाटावी.
वर पातळ गंधकाम्ल शिंपडायचं,
डायजेस्टरचं झाकण आवळायचं, वाफ सोडायची
आणि थांबायचं.
थांबणं हेच इथलं सगळ्यात जुनं यंत्र, व्हर्न म्हणे.

पहाटे तीनच्या सुमाराला ऊर्ध्वपातनातून
फरफ्युरल उतरतं. पाण्यासारखं नितळ.
मग त्याला हवा लागते:
पिवळं, मधाळ, उकळून विसरलेला चहा,
शेवटी डांबर.
नमुन्याच्या बाटलीवर तारीख नसली तरी
व्हर्न रंगावरून वार सांगायचा.

एका रात्री, बाहेर उणे वीस,
मी त्याला सांगायला गेले की आमच्यात म्हणतात
कोंड्याचा मांडा करावा.
मांडा म्हणजे?
प्रयोगशाळेतला फिल्टर पेपर उचलून दाखवला:
एवढा पातळ. पण मोठा. गोड. खापरावर भाजतात.
त्याने कागद दिव्यासमोर धरला.
म्हणजे खायचा?
खायचा.
आपला तर, तो म्हणाला, ओतशाळेत जातो,
वाळूचे कण धरून ठेवायला.
आणि चोथा बॉयलरमध्ये,
पुढच्या घाण्याची वाफ करायला.
हे म्हणीत बसत नाही, नाही का?
मी म्हटलं, बसवू.
त्या दिवसापासून शिफ्टच्या वहीत
चांगल्या घाण्यापुढे तो लिहू लागला: मँडा.
स्पेलिंग दर वेळी वेगळं.

मार्चमध्ये निवृत्त झाला. केक झाला, घड्याळ झालं.
जाताना माझ्या टेबलावर एक बाटली ठेवून गेला,
त्याच्या पहिल्या पाळीची, एकोणीसशे एकोणऐंशी.
काळी. लेबलवर अक्षर मात्र पोरगेलं.

बूच निघेना. पक्कडीनेही नाही.
मी बाटली उलटी धरली.
आत काहीच हललं नाही.
बुचाजवळ नाक नेलं. येतो,
असं वाटलं. किंवा वारा फिरला असेल.

खाली नवी वॅगन लागली होती.
वजन करायला गेले.